ब्रिटनच्या अर्थमंत्र्यानं पंतप्रधानाला अडवायलाच हवं

नदीकाठ

ब्रिटनच्या २६ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पाचा गोंधळ इथल्या बऱ्याच जणांनी वाचला असेल. अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज भाषणाला उभ्या राहण्याआधीच ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटीचा, म्हणजे सरकारी जमाखर्चाचे अंदाज बांधणाऱ्या स्वायत्त ओबीआरचा अहवाल चुकून इंटरनेटवर खुला झाला. कोणते कर वाढणार, किती वाढणार, सगळं आधीच बाहेर. १ डिसेंबरला ओबीआरचे अध्यक्ष रिचर्ड ह्यूज यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून एक सूर वाढत चाललाय: ओबीआर गुंडाळा, ट्रेझरी, म्हणजे अर्थखातं, फार शिरजोर झालीय, आर्थिक कारभाराची सूत्रं पंतप्रधानांकडे द्या. मला हा सूर घातक वाटतो, म्हणून हा धागा.

आधी हे पद काय आहे ते पाहू. चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर, म्हणजे अर्थमंत्री, हा कागदोपत्री ट्रेझरीतला दुसरा. पहिला मान पंतप्रधानाचाच. 'फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी' ही पदवी त्याच्याकडे असते. पंतप्रधान डाउनिंग स्ट्रीटवर १० नंबरच्या घरात, चॅन्सेलर शेजारच्या ११ नंबरच्या घरात. पण प्रत्येक खात्याचा पैसा ट्रेझरीच्या हातून जातो, कर किती आणि कुणावर हेही तिथंच ठरतं, आणि अर्थसंकल्पाचा तपशील मंत्रिमंडळाच्या कानावर पडतो तो त्याच दिवशी सकाळी. दुपारी भाषण. एवढी एकवटलेली सत्ता एका खात्यात का ठेवली असेल?

माझं उत्तर असं, की ब्रिटनमध्ये सरकारला पैशाच्या बाबतीत बाहेरून अडवणारं फारसं कुणी नाही. लिखित राज्यघटना नाही. खासदारांना स्वतःहून खर्चाचा प्रस्ताव आणता येत नाही, तो अधिकार सरकारचाच. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांचा १९०९ चा अर्थसंकल्प लॉर्ड्सनी, म्हणजे वरिष्ठ सभागृहानं, फेटाळला, त्यातून १९११ चा कायदा आला आणि पैशाच्या विधेयकांवरचा लॉर्ड्सचा नकाराधिकार संपला. म्हणजे बहुमत हाती असलेल्या पंतप्रधानाला अडवायचं तर ते सरकारच्या आतूनच. बाकी सगळे मंत्री पैसे मागणारे. 'नाही' म्हणण्याची ताकद असलेला माणूस एकच.

तो 'नाही' म्हणत नाही तेव्हा काय होतं, ते २०२२ मध्ये दिसलं. ६ सप्टेंबरला क्वासी क्वार्टेंग अर्थमंत्री झाले, पंतप्रधान लिझ ट्रस यांचे जुने वैचारिक साथीदार. दोघांत मतभेद असा नव्हताच. ८ सप्टेंबरला ट्रेझरीचे सर्वोच्च सनदी अधिकारी टॉम स्कॉलर यांना घरी पाठवलं. ओबीआरनं नव्या अर्थमंत्र्यांकडे अंदाजाचा मसुदा पहिल्याच दिवशी पोचवला होता आणि तो अद्ययावत करून देण्याची तयारीही दाखवली होती. तो मागवलाच नाही. २३ सप्टेंबरला ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर झाली, पैसे कुठून येणार याचा हिशेब नाही. सोमवारी पौंड १.०३ डॉलरपर्यंत घसरला. बुधवारी बँक ऑफ इंग्लंडला ६५ अब्ज पौंडांपर्यंत सरकारी रोखे विकत घेण्याची तयारी जाहीर करावी लागली, कारण पेन्शन फंड रोखे विकत सुटले होते आणि घेणारा कुणी उरला नव्हता. क्वार्टेंग आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या बैठकीसाठी वॉशिंग्टनला गेले होते, तिथून बैठक अर्धवट टाकून रातोरात विमानानं परतले आणि १४ ऑक्टोबरला डाउनिंग स्ट्रीटवर त्यांना काढून टाकण्यात आलं. ३८ दिवस. तीन दिवसांनी नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी जवळजवळ सगळंच मागं घेतलं.

याच्या उलट उदाहरणं पाहा. १९५८ च्या जानेवारीत अर्थमंत्री पीटर थॉर्नीक्रॉफ्ट यांनी फक्त ५ कोटी पौंडांच्या जादा खर्चावरून राजीनामा दिला, त्यांच्याबरोबर ट्रेझरीतले दोन्ही कनिष्ठ मंत्रीही गेले. १९८९ मध्ये नायजेल लॉसन यांनी पंतप्रधान थॅचरबाईंच्या खासगी आर्थिक सल्लागाराची लुडबुड सहन केली नाही, राजीनामा दिला. २०२० च्या फेब्रुवारीत साजिद जाविद यांना 'तुमचे सल्लागार काढा, आमचे घ्या' असं सांगण्यात आलं, तेव्हा एकही अर्थसंकल्प न मांडता त्यांनी पद सोडलं. ही माणसं हट्टी होती असं म्हणणं सोपं आहे. माझ्या मते त्यांनी पदाचं काम केलं.

---

अवकाळी

नदीकाठ, धागा अभ्यासू आहे, पण पुरावे निवडून घेतलेले आहेत.

लॉसन यांना तुम्ही वीरांच्या यादीत बसवलंत. ते कशासाठी भांडत होते हे लिहिलं नाहीत. युरोपीय विनिमयदर यंत्रणेत, ईआरएममध्ये, पौंड बांधावा असं लॉसन यांना वाटत होतं. थॅचरबाईंचा विरोध होता, आणि ज्या सल्लागाराला तुम्ही लुडबुड्या म्हणता ते ॲलन वॉल्टर्स नेमकं हेच सांगत होते, की ही बांधणी टिकणार नाही. लॉसन गेले, जॉन मेजर आले, त्यांनी बाईंचं मन वळवलं आणि ऑक्टोबर १९९० मध्ये पौंड २.९५ जर्मन मार्कला बांधला. दोन वर्षांत, १६ सप्टेंबर १९९२ ला, तेव्हाचे अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी एकाच दिवसात व्याजदर १० वरून १२ वर नेला, मग १५ जाहीर केला, आणि संध्याकाळी सगळं सोडून ईआरएममधून बाहेर पडल्याचं सांगितलं. त्या वादात पंतप्रधान थॅचर बरोबर होत्या आणि लॉसन, मेजर हे दोन्ही अर्थमंत्री चूक.

१९२५ चं सुवर्णप्रमाण, म्हणजे पौंड सोन्याला बांधणं, तेही तसंच. अर्थमंत्री चर्चिल यांना स्वतःला शंका होत्या, पण ट्रेझरीचे अधिकारी आणि बँकेचे गव्हर्नर नॉर्मन यांनी त्यांना युद्धापूर्वीच्या ४.८६ डॉलरच्या दरावर नेलं. निर्यात महागली, कोळसा खाणीवाल्यांनी मजुरी कापायला घेतली, १९२६ चा सार्वत्रिक संप झाला. 'नाही' म्हणणारी यंत्रणा शहाणीच असते हे तुम्ही गृहीत धरताय.

आणि थॉर्नीक्रॉफ्ट. ते गेले तेव्हा पंतप्रधान मॅकमिलन राष्ट्रकुल देशांच्या दौऱ्यावर निघाले होते, त्यात आपला भारतही होता. विमानतळावर 'किरकोळ स्थानिक अडचणी' म्हणत त्यांनी विषय संपवला. पुढच्या वर्षी १०० च्या बहुमतानं निवडणूक जिंकले. लोकांनी कुणाला निवडून दिलं होतं? चॅन्सेलर पदासाठी वेगळं मतदान होत नाही.

---

पाणपोई

अवांतर, पण या आठवड्यात आठवण येणारच. १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये अर्थमंत्री ह्यू डाल्टन सभागृहात जाताजाता एका पत्रकाराला अर्थसंकल्पातल्या चार गोष्टी बोलून गेले. भाषण संपायच्या आत संध्याकाळच्या पेपरात छापून आल्या. दुसऱ्या दिवशी डाल्टन यांनी राजीनामा दिला. यंदा तर अर्थसंकल्पाच्या आधी कित्येक आठवडे आयकर वाढणार, मग नाही वाढणार, अशा बातम्या आतूनच पेरल्या जात होत्या. अहवाल चुकून फुटला त्यात ह्यूज यांचं पद गेलं. मुद्दाम पेरणाऱ्यांचं काय?

---

तांबडमाती

मी इंग्लंडच्या मधल्या भागात राहतो, पंधराएक वर्षं झाली. वरची चर्चा पंतप्रधान आणि अर्थमंत्र्यांतल्या रस्सीखेचीची आहे. आमच्यापर्यंत काय पोचतं ते लिहितो.

माझी बायको वृद्धांच्या एका केअर होममध्ये पगाराचे हिशेब बघते. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात रीव्ह्जबाईंनी मालकांचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारामागे सरकारला भरायचा हप्ता, वाढवला. वर्षाला २४,००० पौंड मिळवणारी एक केअरर घ्या. आधी ९,१०० च्या वरच्या रकमेवर १३.८ टक्के, म्हणजे २,०५६ पौंड मालकानं भरायचे. एप्रिल २०२५ पासून ५,००० च्या वरच्या रकमेवर १५ टक्के, म्हणजे २,८५० पौंड. माणशी जवळजवळ ८०० पौंड वाढले, आणि कमी पगाराच्या माणसावर ही वाढ प्रमाणात जास्त बसते, कारण मर्यादाच खाली आणली. त्याच एप्रिलमध्ये किमान वेतनही वाढलं, जे हवंच होतं. बहुतेक म्हाताऱ्यांची फी स्थानिक कौन्सिल भरते आणि कौन्सिलकडे पैसा नाही. मग रात्रपाळीला तिघींऐवजी दोघी. आमच्याकडे हा 'अर्थसंकल्प' असा दिसतो.

आता माझी पगारपावती. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत कर नाही. हा आकडा २०२१ पासून हललेला नाही, आणि या नोव्हेंबरमध्ये तो २०३१ पर्यंत गोठवला. दहा वर्षं. पगार महागाईबरोबर वाढतो, मर्यादा जागची हलत नाही, दरवर्षी लाखो लोक नव्यानं कराच्या किंवा ४० टक्क्यांच्या जाळ्यात येतात. 'आम्ही आयकराचा दर वाढवला नाही' हे मात्र भाषणात सांगता येतं. एक लाखाच्या वर पगार गेलेले आपले आयटीवाले तर करमुक्त रक्कमच हळूहळू गमावतात, १,२५,१४० पर्यंतच्या त्या टप्प्यात प्रत्यक्षात ६० टक्के कर पडतो. लोक बढती टाळतात, पेन्शनमध्ये जास्त पैसे टाकतात. आता पगारातून पेन्शनमध्ये वळवण्याच्या सोयीवरही २०२९ पासून २,००० पौंडांची मर्यादा येतेय.

म्हणून मला विचारायचंय: हे सगळं कशासाठी? पाच वर्षांनंतरच्या एका अंदाजात 'हेडरूम' दिसावं, म्हणजे स्वतःच आखलेला नियम पाळून वर थोडी रक्कम शिल्लक राहावी, यासाठी. मार्च २०२५ मध्ये ओबीआरचा अंदाज बिघडला, हेडरूम गेलं, तर अपंगांच्या भत्त्यांना कात्री लावून ते पुन्हा बरोबर ९.९ अब्जांवर आणलं. सरकारचा एकूण खर्च सुमारे १,३०० अब्ज. त्यात ९.९ अब्ज म्हणजे अंदाजातली थरथर. त्यासाठी चालू न शकणाऱ्या माणसाचा भत्ता? जुलैमध्ये मजूर पक्षाच्याच खासदारांनी बंड करून ते मागं घ्यायला लावलं. नदीकाठ, तिथं आतून कुणी अडवलं नाही. खासदारांनीच अडवलं.

---

नदीकाठ

तांबडमाती, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. रात्रपाळीची गोष्ट मनाला लागली. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो.

मालकांचा नॅशनल इन्शुरन्स का वाढवावा लागला? कारण निवडणुकीच्या जाहीरनाम्यात 'कामगारांवरचे कर, म्हणजे आयकर, व्हॅट, नॅशनल इन्शुरन्स वाढवणार नाही' असं वचन दिलं होतं. सरकारचं सगळ्यात मोठं उत्पन्न ज्या करांतून येतं, त्यांनाच हात लावायचा नाही असं ठरवल्यावर उरतात आडवाटा. ४० अब्ज पौंडांची करवाढ आडवाटेनं केली की ती केअर होमवर जाऊन पडते. या नोव्हेंबरमध्ये आयकराचा दर वाढवण्याची तयारी झाली होती, ऐनवेळी ती सोडली आणि मर्यादा गोठवण्याचा मार्ग धरला. हे बलदंड अर्थमंत्र्याचं लक्षण नाही. बलदंड अर्थमंत्र्यानं जाहीरनामा लिहितानाच सांगितलं असतं की हे वचन देता येणार नाही.

अवकाळी, ईआरएमबद्दल. लॉसन यांचं धोरण चुकीचं होतं हे धरून चालू. तरी त्या जागी स्वतःचं मत असलेला माणूस असणं चुकीचं ठरत नाही. तुमच्याच उदाहरणाची दुसरी बाजू सांगतो. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना ब्रिटननं युरो घ्यावा असं मनापासून वाटत होतं. अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी पाच कसोट्या ठेवल्या, ट्रेझरीकडून १८ अभ्यास करून घेतले आणि ९ जून २००३ ला संसदेत सांगितलं की अर्थव्यवस्था त्या कसोट्यांना उतरलेली नाही. विषय संपला. २०१० नंतर ग्रीस, आयर्लंड, स्पेन यांची जी अवस्था झाली ती पाहता त्या एका नकाराची किंमत काय होती ते लक्षात येईल. ब्लेअर यांच्याकडे प्रचंड बहुमत होतं. त्यांना मतदारांनी अडवलं नाही, खासदारांनीही नाही. शेजारच्या घरातल्या माणसानं अडवलं.

आणि याच ब्राउन यांनी पदावर आल्यावर चौथ्या दिवशी, ६ मे १९९७ ला, व्याजदर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडला देऊन टाकला. निवडणुकीच्या तोंडावर व्याजदर खाली ओढण्याचा मोह स्वतःसाठीही बंद केला आणि पंतप्रधानासाठीही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती यायला २०१६ उजाडलं.

---

शिरीषफूल

दोन्ही बाजू ट्रेझरीला एकच वस्तू समजताहेत. माझा आक्षेप वेगळा आहे. जो वही तपासतो त्याच्याच हाती देशाच्या वाढीची आखणी द्यायची, ही मूळ गफलत. अमेरिकेत ट्रेझरी वेगळी आणि खर्चाची आखणी करणारं बजेट ऑफिस वेगळं. जर्मनीत वित्त खातं आणि अर्थव्यवहार खातं वेगळी. ब्रिटनमध्ये दोन्ही एकाच दालनात, आणि तिथं वही नेहमी जिंकते.

शाळांचं उदाहरण घ्या. ३१ ऑगस्ट २०२३ ला, शाळा उघडायच्या तोंडावर, इंग्लंडमधल्या शंभराहून जास्त शाळांना इमारती किंवा इमारतींचे भाग बंद करायला सांगितलं. छतात जुनं हलकं काँक्रीट होतं, आरएएसी म्हणतात त्याला, आणि ते अचानक कोसळू शकतं हे दिसून आलं होतं. शिक्षण खात्याचे माजी सर्वोच्च अधिकारी जोनाथन स्लेटर यांनी तेव्हा सांगितलं की वर्षाला ३०० ते ४०० शाळा नव्यानं बांधायची गरज आहे असं खातं म्हणत होतं. ट्रेझरीनं १०० ला पैसे दिले. खात्यानं २०० मागितल्या, तर सुनक अर्थमंत्री असताना तो आकडा ५० वर आणला गेला. नदीकाठ, हाही 'नाही'च. तो वहीत बचत म्हणून लिहिला गेला. दोन वर्षांनी मुलं तंबूत आणि भाड्याच्या खोल्यांत बसली.

ट्रेझरीचा नकार पंतप्रधानापर्यंत क्वचित पोचतो. रोजचा नकार पोचतो तो शाळेला, पुराच्या बांधाला, उत्तरेकडच्या रेल्वेला. ज्यांच्या बाजूनं बोलायला डाउनिंग स्ट्रीटवर कुणी नसतं त्यांना.

हे दुखणं जुनं आहे. १९६४ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी वेगळं अर्थव्यवहार खातं काढलं, जॉर्ज ब्राउन यांच्याकडे दिलं. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी राष्ट्रीय योजना मांडली, सहा वर्षांत उत्पादन २५ टक्क्यांनी वाढवायची. ट्रेझरीत अर्थमंत्री कॅलहन पौंडाचा २.८० डॉलरचा दर राखायला जिवाचं रान करत होते. जुलै १९६६ मध्ये दर वाचवायला कपात केली, योजना तिथंच मेली. आणि ज्या दरासाठी ती मारली तो दरही नोव्हेंबर १९६७ मध्ये २.४० वर आणावाच लागला. खातं १९६९ मध्ये बंद.

---

पाणपोई

शिरीषफूल, वेगळ्या खात्याचा प्रयोग आपल्याकडे त्याच्याही आधी झाला होता हे इथं नोंदवायला हवं. नियोजन आयोग हे समांतर मंत्रिमंडळ होऊन बसेल, अर्थमंत्र्याला अर्थ उरणार नाही, या आक्षेपावरून जॉन मथाई यांनी १९५० मध्ये अर्थमंत्रिपद सोडलं. त्यांच्या जागी आले चिंतामणराव देशमुख, आणि त्यांनी आयोगाशी जुळवून घेत पहिली पंचवार्षिक योजना मार्गी लावली. म्हणजे दोन दालनं असूनही काम होतं, माणूस तसा लागतो. देशमुखांनी पुढे १९५६ मध्ये राजीनामा दिला तो आकड्यांवरून नव्हे, मुंबईवरून. नेहरूंनी मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय घेतला, हा त्यांचा आक्षेप होता. मराठी माणसाला अर्थमंत्र्याचा नकार म्हटलं की आजही पहिल्यांदा तोच आठवतो.

---

अवकाळी

देशमुखांबद्दल नितांत आदर. आणि बघा, त्यांनी 'नाही' म्हटलं ते लोकांच्या बाजूनं, रस्त्यावर उतरलेल्या माणसांच्या बाजूनं. नदीकाठ ज्या नकाराची बाजू घेताहेत तो बाजाराच्या बाजूनं असतो.

२ जुलै २०२५ आठवा. आदल्या दिवशी भत्त्यांची कपात मागं घेतलेली. रीव्ह्जबाई सभागृहात पंतप्रधानांच्या शेजारी बसल्या होत्या, डोळ्यांत पाणी. स्टार्मर यांना विचारलं की त्या पदावर राहतील का, त्यांनी थेट उत्तर दिलं नाही. लगेच सरकारी रोख्यांचे व्याजदर चढले. संध्याकाळी पंतप्रधान म्हणाले, राहतील, दर उतरले. एका बाईचं रडणं रोखेवाल्यांना आवडलं नाही म्हणून त्यांचं पद पक्कं झालं. याला तुम्ही पदाची ताकद म्हणता? ही ताकद उसनी आहे आणि सावकारांची आहे. व्याजापोटी वर्षाला १०० अब्ज पौंडांहून जास्त जातात, तेवढ्याच प्रमाणात सत्ताही जाते.

२०२२ बद्दलही एक राहून गेलं. ट्रस यांचा आराखडा बेजबाबदार होता, त्यावर वाद नाही. पण त्या आठवड्यातल्या पडझडीचा मोठा वाटा पेन्शन फंडांच्या कर्जावर चालणाऱ्या गुंतवणुकीचा होता. एवढा दारूगोळा साठला आहे हे ना बँकेला वेळेवर दिसलं, ना ट्रेझरीला. स्कॉलर साहेब आणखी महिनाभर खुर्चीत असते तरी तो तिथंच होता.

---

नदीकाठ

दारूगोळा होता, मान्य. काडी टाकायच्या आधी थांबवणारा कुणी असावा, एवढंच मी म्हणतोय.

शिरीषफूल यांचं शाळांचं उदाहरण मी टाळणार नाही. तो नकार वाईट होता. पण त्यावर 'खातं फोडा' हा इलाज मला पटत नाही, कारण १९६४ ची गोष्ट त्यांनीच सांगितली: दोन खाती केली, भांडणात पाच वर्षं गेली, आणि निर्णय द्यायला शेवटी पंतप्रधानच उरला. दुरुस्ती नियमात करता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये रीव्ह्ज यांनी रोजचा खर्च आणि भांडवली गुंतवणूक यांना वेगळं केलं. रोजचा खर्च करांतून भागवायचा, गुंतवणुकीसाठी कर्ज काढता येईल. शाळेचं छत दुसऱ्या कप्प्यात येतं. हे काम ट्रेझरीच्या आत राहून झालं.

तांबडमातींचा ९.९ अब्जांचा मुद्दाही तसाच. हेडरूम इतकं अरुंद ठेवणं हाच दोष होता. या वेळी ते सुमारे २२ अब्जांवर नेलंय आणि नियमांची परीक्षा वर्षातून एकदाच होणार आहे. मार्चमधल्या घाईच्या कपातीवर हाच उपाय होता.

खरी काळजी दुसरीकडे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये स्टार्मर यांनी ट्रेझरीतले दुसऱ्या क्रमांकाचे मंत्री डॅरेन जोन्स यांना स्वतःच्या कार्यालयात घेतलं, आणि मिनूश शफीक यांना मुख्य आर्थिक सल्लागार नेमलं. माणसं गुणी आहेत. पण १० नंबरमध्ये दुसरी ट्रेझरी उभी राहायला लागली की ११ नंबरमधला माणूस फक्त भाषण वाचायला उरतो. जाविद यांना नेमकं तेच करायला सांगितलं होतं.

---

तांबडमाती

वेगळे कप्पे केले हे चांगलंच. पण नदीकाठ, केअर होममधली रात्रपाळीची बाई 'रोजच्या खर्चा'च्या कप्प्यात येते. छताला कर्ज मिळेल, छताखालच्या माणसाला मिळणार नाही. त्या कप्प्याच्या बाजूनं ट्रेझरीत बोलणारं कोण? मला हे अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

---

शिरीषफूल

+१. शिक्षक, नर्स, केअरर हे सगळे 'चालू खर्च'. त्यांच्यावर टाकलेला पैसा पंचवीस वर्षांनी फळतो, पण वहीत तो त्याच वर्षी संपलेला दिसतो.

---

अवकाळी

माझा पर्याय स्पष्ट मांडतो, म्हणजे 'नुसता विरोध' असं व्हायला नको.

अर्थसंकल्पाचा मसुदा संसदेच्या ट्रेझरी समितीपुढे आधी यावा. २०२२ मध्ये समितीचे अध्यक्ष मेल स्ट्राइड ट्रस यांच्याच पक्षाचे होते, तरी ते ओबीआरचा अंदाज प्रसिद्ध करा म्हणून जाहीरपणे मागत होते. मागणं त्यांच्या हाती होतं, थांबवणं नव्हतं. ते द्या. ओबीआरचा अध्यक्ष नेमताना समितीची संमती लागतेच, मग अहवालही समितीला बांधील असू दे. सरकारला अडवायचं तर निवडून आलेल्यांनी, उजेडात, नोंद ठेवून अडवावं. मंत्रिमंडळाला सकाळी सांगायचं आणि देशाला दुपारी, हे १९ व्या शतकात ठीक होतं.

शिवाय २०२२ ची पुनरावृत्ती रोखायला बलदंड माणूसच लागतो असंही राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा झालाय. राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्का किंवा त्याहून मोठा आर्थिक निर्णय असेल तर ओबीआरचं मूल्यमापन बंधनकारक आहे, आणि सरकारनं मागितलं नाही तर ओबीआर स्वतःहून ते करू शकते.

---

नदीकाठ

समितीला अधिकार द्यायला माझा विरोध नाही, दिले तर स्वागतच करीन. पण त्या कायद्यावर भिस्त ठेवू नका. लंडनमध्ये एका बहुमतानं केलेला कायदा दुसरं बहुमत साध्या विधेयकानं रद्द करू शकतं, आणि ओबीआर गुंडाळायची मागणी तर आत्ताच सुरू झालीय. ते विधेयक आणायचं ठरेल तेव्हा मंत्रिमंडळाच्या बैठकीत समितीचा अध्यक्ष नसेल. अर्थमंत्री असेल.